घरची वही : कर्जाचा रोजचा भाव काढून संसार कसा सावरला

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या एका पेढीवर मी दिवाणजी आहे. बावीस वर्षं झाली. रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय गादीवरून उठायचं नाही, ही आमची शिस्त. आठ आण्यांचा फरक राहिला तरी मालक घरी सोडत नाहीत. आणि असल्या माणसाला स्वतःच्या घरावर किती देणं आहे, हे २०२३च्या दिवाळीपर्यंत सांगता येत नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘असेल चारेक लाख’ म्हणायचो. लिहून काढलं तेव्हा निघालं ५ लाख ८ हजार.

हे झालं कसं, ते थोडक्यात सांगतो. आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला. २०१९ला पाणी आलं, ते कसंबसं निभावलं. २०२१च्या जुलैत परत आलं. फ्रिज गेला, हिची शिलाई मशीन गेली, गाडी गेली, भिंतींचा गिलावा पोपडे धरून पडला. पुढच्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन. पतसंस्था झाली, सोनेतारण झालं, कार्ड झालं, साडूकडून हातउसने झाले आणि शेवटी ओळखीच्या एकाकडून महिना शेकडा पाचानं चाळीस हजार उचलले. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढ्यावर भागेल.

माझा पगार २१ हजार. ही घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे सरासरी ६ हजार. घर वडिलोपार्जित, भाडं नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण कमाई ठरावीक आणि देणी चार-पाच ठिकाणची असतील, तर पुढची पद्धत तुम्हाला लागू पडेल.

पहिला महिना फक्त लिहा

लक्ष्मीपूजनाला पेठेत नव्या वह्या येतात. त्या वर्षी पेढीच्या वह्यांबरोबर एक लाल बांधणीची वही मी घरासाठी आणली. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर नावे म्हणजे खर्च, खाली शिल्लक. रात्री जेवायला बसण्याआधी दोघांनी मिळून लिहायचं. नंतर लिहू म्हटलं की झोप येते. मग डब्यातले आणि दोन्ही पाकिटांतले पैसे मोजायचे आणि शिल्लक जुळवायची.

फोनवरून दिलेल्या पैशांसाठी वेगळा रकाना ठेवा. हातातून नोट गेली की आठवते, स्कॅन करून दिलेले वीस रुपये आठवत नाहीत. रात्री फोनमधली यादी उघडायची आणि एकेक उतरवायची.

पहिल्या महिन्यात काटकसर करायची नाही, नेहमीसारखंच वागायचं. आधीच हात आखडला तर खरा आकडा कधी दिसतच नाही. आमच्या पहिल्या महिन्यात ‘किरकोळ’ या नावाखाली २,३४० रुपये निघाले. मी पेढीवर हा शब्द कुणाला लिहू देत नाही, आणि घरच्या वहीत मीच सतरा वेळा लिहिला होता. दुसऱ्या महिन्यापासून तो शब्द बंद केला. किरकोळ फोडल्यावर त्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या चहाचा आणि तंबाखूच्या माव्याचा निघाला, १,२०० रुपये. मी मावा खातो हे हिला ठाऊक होतं, आकडा ठाऊक नव्हता. ती काही बोलली नाही. वहीत त्या ओळीखाली पेन्सिलनं एक रेघ मारली आणि पोळ्या लाटायला गेली.

प्रत्येक कर्जाचा रोजचा भाव काढा

कर्जाचा आकडा लाखांत असतो, व्याज टक्क्यांत असतं, आणि बाजार आपण रोज रुपयांत करतो. त्यामुळं या तिन्हींचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. मी सगळं एका मापात आणलं. कोणतं कर्ज दिवसाला किती रुपये व्याज खातं, एवढंच काढलं.

हिशेब सोपा आहे. आजची येणेबाकी गुणिले वर्षाचा व्याजदर, भागिले शंभर, भागिले ३६५. शेकडा दर महिन्याचा असेल तर आधी बारानं गुणा. येणेबाकी अंदाजानं धरू नका, प्रत्येक ठिकाणी जाऊन खातेउतारा मागून घ्या. मागायला लाज वाटते, मलाही वाटली. पतसंस्थेत माझ्या पेढीवर येणारा माणूसच काउंटरला होता.

२०२३च्या दिवाळी पाडव्याला आमच्या वहीचं पान असं होतं:

पतसंस्था, १४ टक्के — बाकी १,८५,००० — रोज ७१ रुपये
सोनेतारण, ११ टक्के — बाकी १,४०,००० — रोज ४२ रुपये
क्रेडिट कार्ड, महिना साडेतीन टक्के, वर जीएसटी — बाकी ६२,००० — रोज ८४ रुपये
हातउसने (साडू) — बाकी ५०,००० — व्याज नाही
खासगी, शेकडा ५ — बाकी ४०,००० — रोज ६६ रुपये
मोटारसायकल — बाकी ३१,००० — रोज १४ रुपये

बेरीज रोजची २७७. रविवार, सणवार, पेढीला सुट्टी, काही असो, सकाळी उठायच्या आत २७७ रुपये गेलेले. महिन्याला ८,३०० रुपये. हिनं विचारलं, “म्हणजे माझं सगळं शिवणकाम व्याजालाच चाललंय व्हय?” शिवणकाम पुरतही नव्हतं, वरचे दोन हजार माझ्या पगारातून जात होते.

पान नीट बघा. सगळ्यात मोठं कर्ज पतसंस्थेचं, १ लाख ८५ हजार, ते रोज ७१ खातं. त्याच्या पाव भागाहूनही लहान, चाळीस हजारांचं खासगी कर्ज रोज ६६ खातं. मी दोन वर्षं पतसंस्थेच्या हप्त्याची काळजी करत होतो, कारण आकडा मोठा होता आणि नोटीस तिकडून यायची.

यात दोन ठिकाणी मी स्वतः फसलो होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिलं, गाडीचं कर्ज. शोरूममध्ये ‘फक्त ९ टक्के’ सांगितलं. ते फ्लॅट होतं. ८० हजारांवर ९ टक्क्यांनी तीन वर्षांचं व्याज २१,६०० आणि हप्ता २,८२२. पण दर महिन्याला मुद्दल फेडत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ८० हजारांवर धरलेलं असतं. घटत्या बाकीवर मांडलं तर तोच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास येतो. पेढीवर कुणी मला असं बिल दिलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. कर्ज घेताना ‘फ्लॅट की घटत्या बाकीवर’ एवढा एक प्रश्न विचारा.

दुसरं, कार्ड. ६२ हजारांवर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९१. झाले २,५६१. मी दर महिन्याला ‘किमान रक्कम’ ५ टक्के म्हणजे ३,१०० भरत होतो आणि वेळेवर भरतो म्हणून समाधानी होतो. मुद्दलात जात होते ५३९ रुपये. शिवाय मागची बाकी उभी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दूध घेतलं तरी त्याच दिवसापासून व्याज.

महागडं कर्ज स्वस्तात वळवा, पण नवा पैसा उचलू नका

क्रम लावायचा तो शेकडा दरानं. आमच्यात वर्षाला साठ टक्क्यांचा खासगी पहिला, जीएसटी धरून पन्नास टक्क्यांजवळ जाणारं कार्ड दुसरं. बाकी सगळे सोळाच्या आत-बाहेर. साडूचे पैसे बिनव्याजी, पण त्याला जाऊन स्पष्ट सांगितलं की वर्षभर काही देता येणार नाही, त्यानंतर महिन्याला हजार देईन. न सांगता तोंड चुकवत होतो तेव्हा लग्नकार्यात भेटायची चोरी झाली होती.

खासगीवाल्याला चाळीस हजार एकरकमी द्यायला पैसे कुठले? हिची बोरमाळ राहिली होती. आईनं लग्नात दिलेली. मी तो विषय काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी वहीवर बोट ठेवून तिनंच विचारलं, “ह्या सहासष्टचे तिकडं किती होतील?” ११ टक्क्यांनी चाळीस हजारांवर रोज १२ रुपये. ती म्हणाली, “मग चला.”

सोनं तारण ठेवताना काय बघायचं, ते इथं शिकलो. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, तिचं वजन वजा होतं. आमच्या पावतीवर ढोबळ १४ ग्रॅम आणि निव्वळ साडेदहा ग्रॅम अशी दोन्ही वजनं लिहून घेतली. पावतीवर फक्त निव्वळ असेल तर ढोबळही लिहायला लावा. दागिन्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. दुसरी गोष्ट, नवा दागिना जुन्या पावतीत मिसळू देऊ नका, वेगळी पावती करा. सगळं एका पावतीवर असलं की पूर्ण रक्कम फेडेपर्यंत एकही नग सुटत नाही. तिसरी गोष्ट, व्याज दरमहा भरा. वर्षअखेरीस एकदम भरायची सोय असते, पण ती सोय म्हणजे वर्षअखेरीचा खड्डा. थकलं की लिलावाची नोटीस येते. चौथी, काउंटरवरचा माणूस ‘यावर आणखी पंचवीस हजार बसतात’ म्हणेल, तेव्हा ऐकू न आल्यासारखं करा. २०२५मध्ये तोळा लाखावर गेला तेव्हा आम्हाला फोनच आला, भाव वाढलाय, वाढीव रक्कम घेऊन जा म्हणून.

खासगीवाल्याकडे माझे सही केलेले दोन कोरे धनादेश होते. पैसे देताना पेढीवरचा एक ज्येष्ठ माणूस बरोबर नेला, धनादेश हातात आल्यावरच रक्कम मोजली आणि पूर्ण फेड झाल्याचं लिहून घेतलं. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज परवानाधारक सावकारालाही लावता येत नाही. माझा माणूस साठ लावत होता. कागद परत द्यायला कुणी खळखळ केली तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. मला तिथवर जावं लागलं नाही, पण ‘उपनिबंधक कार्यालयात जाऊन येतो’ एवढं म्हणालो होतो.

कार्डाचं काम घरबसल्या झालं. बँकेला फोन करून थकबाकीचे हप्ते करून मागितले. १६ टक्क्यांनी २४ हप्ते, महिन्याला ३,०३६, वर व्याजावरचा जीएसटी. पहिल्या महिन्यात ३,१८५ गेले. आधी ३,१०० भरूनही कर्ज जागचं हलत नव्हतं, आता ८५ रुपये जास्त भरून ते दोन वर्षांत संपणार होतं. रोजचा भाव ८४वरून ३२वर आला. प्रक्रिया शुल्क किती आणि मध्येच फेडलं तर दंड किती, हे त्याच फोनवर विचारून वहीत लिहा. कार्ड मुलीनं कात्रीनं कापलं, आवडीनं.

या दोन कामांनी २७७चे १७१ झाले. खर्चातला एक रुपयाही अजून कमी केला नव्हता.

मग घरखर्चाकडे या

फेडीला आता महिन्याला १३,९५७ लागत होते. पतसंस्था ६,३००, गाडी २,८२२, कार्ड ३,१८५, दोन्ही सोनेतारणांचं व्याज मिळून १,६५०. घरखर्च वहीप्रमाणे १४,५०० होता. बेरीज २७ हजारांच्या वर जाते, म्हणून घरखर्च १०,३०० वर आणला. का १०,३०० आणि १२ हजार का नाही, ते पुढं वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांच्या भागात येईल.

मावा-चहा १,२००. हे माझ्यावर होतं, बंद केलं. चहा पेढीवर मिळतोच. पेट्रोलचे ६००: घर ते लक्ष्मीपुरी चालत जायला लागलो, वीसेक मिनिटं लागतात. रिचार्ज आणि टीव्हीचे ५००. विजेचे ३००: घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त, त्यापुढच्या युनिटाला दर बराच चढतो. आम्ही ११५-१२०वर असायचो. इस्त्रीची भट्टी हिनं दिवसाआड केली, फ्रिजचं रबर बदललं, आणि रविवारी मीटर बघायची सवय लावली.

मटणाचं जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण कोल्हापुरात बजेट तिथंच मोडतं. दर रविवारी अर्धा किलो, महिन्याला दोन किलो, त्या वेळच्या ७६० भावानं १,५२०. पहिल्या उत्साहात मी ते पूर्ण बंद केलं. दुसऱ्या रविवारी पोरगा मित्राकडे ‘अभ्यासाला’ गेला तो रस्सा पिऊन आला, आणि तिसऱ्या रविवारी मीच स्टँडजवळ १८० रुपयांची थाळी खाऊन घरी सांगितलं नाही. वहीत लिहावं लागलं तेव्हा उघडं पडलो. आता महिन्यातला पहिला रविवार मटणाचा, एक कोंबडीचा, बाकी अंड्याची आमटी. तांबड्याला पाणी थोडं जास्त. वाचतात ९००, आणि कुणी चोरून खात नाही.

किराण्यात ७०० वाचले. पेढीवर असल्यामुळं मला भाव कळतात, पण तुम्हालाही करता येईल असं सांगतो. गल्लीतल्या तीन घरांनी मिळून तेलाचा १५ किलोचा डबा घ्या, रोखीनं. आंबोळीला, इडलीला अख्ख्या तांदळाऐवजी कणी घ्या, भिजवून वाटायचंच आहे. भाजी कपिलतीर्थ मंडईत दिवे लागल्यावर घ्या, बायका घरी जायच्या घाईत असतात. महिन्याची यादी एकदाच करा आणि दुकानात मुलांना नेऊ नका. वाण्याकडची उधारीची वही मात्र बंदच करा. उधारीवर घासाघीस करता येत नाही.

वर्षाची बेगमी : कर्ज असताना करावी का?

आमच्या घरात चैत्र-वैशाखात वर्षाचं धान्य भरायचं आणि चटणी डंकावर कुटून आणायची पद्धत. आईचा आग्रह असायचा की हंगामात स्वस्त मिळतं. ते खरंच आहे. पण २०२२ला मी ते कार्डावर भरलं होतं.

समजा शाळू ज्वारीचं एक क्विंटल हंगामात ४,००० रुपयांना मिळतं आणि पुढं वर्षभर थोडं थोडं घेतलं तर ४०० रुपये जास्त पडतात. धान्य वर्षभरात हळूहळू संपतं, म्हणजे सरासरी सहा महिने पैसा कणगीत अडकतो. कार्डाच्या पन्नास टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज १,०००. चारशे वाचवायला हजार घातले, वर किडीची औषधं वेगळी. म्हणून महागडी कर्जं असेपर्यंत महिन्याचं महिन्याला घ्या. देणं अकरा-बारा टक्क्यांवर आलं की तेच व्याज २२० पडतं, तेव्हा खुशाल भरा. आम्ही दोन वर्षं धान्य भरलं नाही, आईनं दोन महिने अबोला धरला. चटणी मात्र केली. तयार चटणीची पाकिटं वर्षभर घ्यायची म्हटली तर हिशेबच पालटतो, आणि चवीचं तर बोलायलाच नको.

ठरलेला खर्च अचानक येत नाही

जून दरवर्षी येतो, तरी शाळेचा खर्च दरवर्षी अंगावर यायचा. वर्षातून एकदाच येणारे खर्च वेगळ्या पानावर मांडा. आमचे असे होते: शाळा ८,५००, घरफाळा-पाणीपट्टी ४,३००, दिवाळी ४,५००, आहेर-वर्गणी-जत्रा २,५००, गाडीचा विमा १,२००, आणि पूर ३,०००. बेरीज २४ हजार. महिन्याला २ हजार आधीच बाजूला, ज्याच्या त्याच्या डब्यात, निघाले पाहिजेत. म्हणजे १०,३०० अधिक २,०००, घराचे १२,३००. कमाईच्या २७ हजारांतून हे आणि फेडीचे १३,९५७ वजा जाता ७४३ रुपये उरले.

पुराचा डबा वाचून बाहेरगावचे हसतील. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आम्ही ३९ला सामान हलवायला लागतो. टेम्पोचं भाडं, चार दिवस सासुरवाडीला पाच माणसं, घरात परत आल्यावर फिनेल, चुना, प्लंबर. ज्या वर्षी पाणी आलं नाही त्या वर्षीचे पैसे पुढं ओढले. सासुरवाडी गारगोटीकडे. एसटीत बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच हातभार.

उरलेल्या ७४३चं काय करायचं? सरळ हिशेबानं ते कर्जात जायला हवेत. मी आधी सात महिने दवाखान्याच्या डब्यात टाकले, पाच हजार होईपर्यंत. डबा रिकामा असता तर पहिल्याच तापाला कुणाकडे तरी हात पसरावा लागला असता. मोठ्या आजारासाठी मात्र भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तो उपचार बसतो का, ते विचारा. वडिलांच्या वेळी मला हा शब्दच ठाऊक नव्हता. आणि बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांचा जीवनज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा चालू ठेवा. कर्जदार माणूस गेला तर हप्ता त्याच्याबरोबर जात नाही.

भिशीबद्दल विचारतात म्हणून दोन ओळी. पेढीवर आमची भिशी होती. हातातली पूर्ण झाल्यावर मी बाहेर पडलो. पन्नास टक्क्यांचं देणं उभं असताना बिनव्याजी पैसे दुसऱ्याकडे ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

फेडताना कागद सांभाळा

गाडीचा हप्ता नोव्हेंबर २०२४ला संपला. सुटलेल्या २,८२२मधले हजार साडूला, १,८०० पतसंस्थेला जादा. इथं एक गोम आहे. पहिल्या महिन्यात मी जादा रक्कम भरली आणि त्यांनी ती ‘पुढचा हप्ता आगाऊ’ म्हणून जमा केली. व्याज तसंच. भरणा पावतीवर स्वतःच्या हातानं ‘जादा रक्कम मुद्दलात जमा करावी’ असं लिहा आणि पुढच्या महिन्यात उतारा बघा.

कर्ज संपलं की बेबाकी दाखला घ्या. गाडी असेल तर फायनान्सवाल्याकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा. सिबिलसारख्या संस्थांकडून वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा अहवाल फुकट मिळतो, त्यात कर्ज बंद दिसतंय का ते तपासा. माझं गाडीचं कर्ज तीन महिने चालूच दिसत होतं.

हप्ता चुकणार असेल तर तारखेच्या आधी जाऊन सांगा. आषाढात शिलाई मंदावते, तेव्हा एकदा आमचा चुकला. आधी सांगितल्यामुळं आठ दिवस मिळाले. वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर करायचे नाहीत, असा बँका आणि फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला रात्री साडेनऊला यायचे. नियम सांगून, वेळ आणि नंबर लिहून घेतोय म्हटल्यावर थांबले.

दर महिन्याच्या एक तारखेला मुलगी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नवा रोजचा भाव लिहिते. पै-पाहुण्यांना वाटतं दुधाचा हिशेब आहे. २७७, १७१, मग महिन्यागणिक उतरत गेला. गेल्या नोव्हेंबरात कार्डाचा शेवटचा हप्ता गेला. आता पतसंस्थेचे ४८ हजार राहिलेत, रोज १८, आणि सोनेतारणाचे १ लाख ८० हजार, रोज ५४. साडूचे ३८ हजार. कॅलेंडरवर ७२ लिहिलंय.

कार्डाचे सुटलेले ३,१८५ आता कुठं टाकायचे यावर आमच्यात दोन संध्याकाळी गेल्या. माझ्याच नियमानं ते १४ टक्क्यांच्या पतसंस्थेत जायला पाहिजेत, सोनं ११वर आहे. पण पतसंस्था चालू हप्त्यानंही सहा-सात महिन्यांत संपतेच. मी मांडून बघितलं, ती रक्कम बोरमाळेच्या पावतीवर टाकली तर सहा महिन्यांत फार तर पावणेदोनशे रुपयांचा तोटा आहे. तो मी वहीत आधीच नावे टाकलाय. दोन वर्षं गौरीच्या गळ्यात एक ग्रॅमची माळ घातली होती. पतसंस्था संपली की तिचे ८,१०० इकडंच वळतील आणि यंदा गणपतीच्या आधी पावती सुटेल. सोडवायला दोघं जाणार आहोत. सही करायच्या आधी काउंटरवरच काट्यावर ठेवून बघायची, ढोबळ १४ ग्रॅम.